वरच्या फळीवरचं पाकीट

गुन्ह्याच्या खुणांवरून अनोळखी गुन्हेगाराचा स्वभाव ओळखण्यात साहेबांची सगळी नोकरी गेली होती. आता घरात त्यांच्याच सिगारेटी एकेक करून नाहीशा होत होत्या.

"अहो, माझ्या कादंबऱ्यांत चोर नेहमी भलताच निघतो हं," बायको पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"खऱ्या आयुष्यात तो घरचाच असतो!" साहेब गुरगुरले. "हा स्वतः ओढत नाही. अख्खं पाकीट लांबवलं तर मी नवीन आणीन, हे पक्कं ओळखून आहे. आणि हात पोचत नाही म्हणून स्टुलावर चढतो, तेही गुडघे दुखत असताना!"

"मग पकडा की मुद्देमालासकट!"

साहेबांनी उठून पाकीट खालच्या फळीवर ठेवलं.