भीती मी शिकवली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. सिल्वासात किलवणीच्या रस्त्याला प्लास्टिकच्या बादल्यांचा एक कारखाना आहे, त्याच्या छपरावर माझं आयुष्य गेलं. आता मी गंजलो आहे, माझं तोंडही एका बाजूला चेपलं आहे. पण मी रडगाणं गाणार नाही. ज्यांनी मला अपशकुनी म्हटलं, त्यांना मला उत्तर द्यायचं आहे.

मला चौऱ्याऐंशी साली बसवलं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की हाक द्यायची, हे माझं काम. पहिले काही दिवस माझ्याकडे कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. पण माझ्या हाकेमागून रोज डबे उघडत. कामगार बहुतेक खानदेशातले. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत घेऊन येत. हळूहळू असं झालं की मी नुसता ओरडलो, तरी डबा उघडण्याआधीच त्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. फाटकावरचा भुऱ्या कुत्रा तर माझा आवाज येताच लाळ गाळत उभा राही. माझ्या आवाजात भाकरी थोडीच होती! पण रोज जे माझ्यामागून येई, ते मीच आणतो असं सगळ्यांना वाटू लागलं. "भोंगा बोलला, देव बोलला," असं लोक म्हणत, आणि मी फुशारून जाई. का जाऊ नये?

कारखान्याच्या गुजराती शेठनी मात्र एक मोठी चूक करून ठेवली होती. आग लागली तरी मीच वाजायचं आणि हाकही तीच द्यायची. एकदा जेवणाची वेळ जवळ आलेली असताना, बादल्यांवर नक्षी छापायच्या खात्यात थिनरच्या पिंपाने पेट घेतला. मी जीव तोडून ओरडलो. माणसं हसत हसत हात धुवायला उठली आणि डब्यांच्या फळीकडे निघाली. ती फळी पिंपांच्या शेजारीच होती. त्याच खात्यातला सुकदेव धावला आणि त्याने सगळ्यांना मागे लोटलं. माणसं वाचली, पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याची बायको चिमाबाई तिथेच बादल्यांना कड्या बसवत होती. तिने ते सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि मी तेव्हाही ओरडतच होतो.

त्या एका दुपारने चिमाबाईच्या मनातून इतक्या वर्षांच्या भाकऱ्या पुसून टाकल्या. मी हाक दिली की तिचे हातपाय गार पडत, घास गिळवत नसे. इतर बायकांना तिची दया आली. मी वाजण्याच्या आधीच त्या तिला बाहेर लांब चिंचेखाली नेऊन बसवू लागल्या. त्यांची माया खरी होती, पण त्या मायेने चिमाबाईची भीती वाढलीच. पुढे पुढे तर वायरमन वाल्मिक माझ्या बटणाकडे चालू लागला तरी ती थरथरे. शेवटी तिने काम सोडायचं ठरवलं. सुकदेवच्या हातात पूर्वीचं बळ उरलं नव्हतं. घरची चूल तिच्याच कामावर पेटत होती.

मग सगळे माझ्यावर उलटले. कोणी लिंबू-मिरची बांधली, कोणी नारळ फोडला. शेठ म्हणाले, "उतारी नाखो ए भूंगळुं!" म्हणजे उतरवा हा भोंगा. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला असा संताप आला म्हणता!

वाल्मिक शिडी लावून वर आला. त्याने माझा पहिला बोल्ट सैल केला, तेवढ्यात खालून आवाज आला.

"थांब रे भो! काढू नको त्याले."

चिमाबाई उभी होती. तिने पदर मुठीत धरला होता.

"वहिनी, तुमच्यासाठीच तर काढतोय ना!"

"तो गेला म्हणजे माझं भेव जाईन का? उद्या शेजारच्या कंपनीचा वाजला, मग कुठे पळू मी? माझा बाप नव्या गोऱ्ह्याले घुंगरमाळ बांधे, तर आधी घुंगरांले चिंध्या गुंडाळे, अन पुढे ढेपेची पाटी ठेवे. मग एकेक चिंधी सोडे. पोळ्याले तोच गोऱ्हा मान हलवून वाजवत चाले. याच्याबी तोंडात गोणपाट कोंब."

शेठनी हात उडवले. "चालो, पोळ्यापर्यंत ठेवा. पछी उतारी नाखो."

माझ्या तोंडात गोणपाट! अख्ख्या किलवणी रस्त्याला ऐकू जाणारा मी, आणि आता नुसता घुंघुं करू लागलो. शेजारच्या कारखान्याचा भोंगा मला हसला असेल. हसू दे. चिमाबाई माझ्याखाली डबा उघडून बसे. पहिल्या दिवशी भाकरी तिच्या हातातच राहिली. मग सुकदेवने डाव्या हाताने तिला घास भरवला. वाल्मिक गोणपाटाची एकेक घडी काढत गेला. एकदा त्याने घाई केली, तेव्हा ती डबा टाकून चिंचेखाली पळाली. दोन घड्या परत आत गेल्या. शेठच्या मागे लागून त्याने आणखी एक गोष्ट करून घेतली. जेवणाला एकच लांब हाक आणि आगीला तुटक तुटक हाका, असं ठरलं, आणि तुटक हाक आली की बाहेर धावायची सवय सगळ्यांना लावली.

पोळ्याच्या दिवशी माझं तोंड मोकळं होतं. शेठ दारात येऊन उभे राहिले. वाल्मिक बटणाकडे निघाला, तर चिमाबाईने त्याला अडवलं.

"सरक. मी दाबते."

मी छाती फोडून ओरडलो, कणभरही आवाज चोरला नाही. तिने बटणावरचं बोट उचललं नाही. भुऱ्या धावत आला. तिने पुरणपोळीचा डबा उघडला, पदराने ओठ पुसले आणि हसत सुकदेवला म्हणाली, "अहो, तोंडाले पाणी सुटलं ना!"

सुकदेव रडू लागला. शेठ मान डोलावून आत गेले, आणि वाल्मिकने माझा सैल बोल्ट पुन्हा आवळला.

मित्रांनो, मला नवा रंग लावा अशी विनवणी मी करणार नाही. पण कोणी एखाद्या आवाजाला भ्यालं, तर त्याला हसू नका आणि लांबही नेऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि एक घास पुढे करा. भीती शिकलेली असते, म्हणून ती उतरतेही. उतरवायचंच असेल, तर मला नका उतरवू, तिला उतरवा.