तापणं हेच माझं काम

मित्रांनो, मी एक जुना रेझिस्टर आहे. खरं म्हणजे आम्ही चौघे भाऊ एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने बसवलेले आहोत, पण बोलतो मी एकटाच. वीज अडवणं हा आमचा धंदा. अडवणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

१९८५ साली घाटकोपरला, असल्फा भागातल्या धोंडू मिस्त्रींच्या गॅरेजात आमची जुळणी झाली. तिथे एका धर्मादाय दवाखान्याची परदेशातून देणगी आलेली गाडी उभी होती. तिला कार्ब्युरेटर नव्हता. चार इंजेक्टर इंजिनात पेट्रोल फवारायचे आणि ते कधी उघडायचे हे सीटखालची इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवायची. इंजेक्टर बिघडले. तसे मिळेनात म्हणून मिस्त्रींनी भंगारातल्या दुसऱ्याच गाडीचे चार आणले, बॅटरीच्या तारा टेकवल्या आणि कान लावला. उभी हयात ते कानाने गाड्या दुरुस्त करत आले होते.

"टकटक वाजता मा? मगे झाला," ते म्हणाले.

मागच्या चाळीतली नलिनी अंधेरीच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात सोल्डरिंग करायची. तिने सहज मीटर लावून पाहिला.

"काका, वाजतात बरोबर. पण जुने सोळा ओहमचे होते, हे अडीचचे आहेत. ओहम जितके कमी, तितकी वीज जास्त. हे भलतीच वीज ओढतील. तुमच्या पेटीची वाट लागेल."

"मगे करू काय, सांग."

तिने हिशेब मांडला, प्रत्येक इंजेक्टरच्या वाटेत सहा ओहमचा एकेक भाऊ बसवला आणि गाडी सुरू झाली. जास्तीची वीज आम्ही आमच्या अंगावर घ्यायचो आणि तापायचो.

तीन वर्षं आम्ही बिनबोभाट काम केलं. दर बुधवारी नर्स शांताबाई त्या गाडीतून डोंगरावरच्या तीन वस्त्यांत जायच्या, बाळांना लस द्यायच्या. बायका शांताबाईंना दुवा द्यायच्या, गाडीवरून हात फिरवायच्या. बॉनेटखाली कोण तापतंय, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

१९८८ च्या उन्हाळ्यात गाडी तपासताना मिस्त्रींचा हात आमच्या पट्टीला लागला आणि पोळला. गॅरेजचा कायदा असा, की जे नको तितकं तापतं ते बिघडलेलं. नलिनी कामावर होती, संध्याकाळी येणार होती. तेवढा वेळ मिस्त्रींना दम निघाला नाही. त्यांनी आम्हाला काढून कोपऱ्यात फेकलं आणि तारा थेट जोडल्या. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मिस्त्री खूश झाले.

चौथ्या दिवशी चढावर ती बंद पडली. नलिनीने पेटी उघडली, तर आतलं सर्किट काळं पडलेलं.

"काका, हे जळलंय सगळं. अशी पेटी आता इथे कुठे मिळायची?"

मिस्त्रींनी हात पुसले. मग दवाखान्यात गेले.

"बाई, गाडी खराब नव्हती. मी तिची वाट लावली."

शांताबाई चिडल्या नाहीत. "झालं ते झालं, धोंडूभाऊ. पण बुधवारी लसींची पेटी वर कोण नेणार?"

तेव्हापासून बुधवारी गॅरेज बंद असतं. मिस्त्री खांद्यावर ती पेटी घेऊन शांताबाईंच्या मागून डोंगर चढतात. माणूस वाईट नाही, मी त्यांच्यावर राग धरलेला नाही. पण पायी एका दिवसात एकच वस्ती होते. बाकीच्या दोन वस्त्यांतल्या आया बाळं घेऊन बसून राहतात.

मित्रांनो, मी अजून सहा ओहमचाच आहे, बिघडलेला नाही, हवं तर मोजा. एखादी वस्तू फेकण्याआधी ती कुणी आणि का बसवली, ते विचारा. विचारायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं, तर थांबा.