भास्करदादांचा संशयित

कपातल्या चहावर साय धरायला पंख्याखाली फार वेळ लागत नाही. आधी कडेला एक बारीक सुरकुती दिसते, ती मध्याकडे सरकत जाते आणि मग सगळा पृष्ठभाग पातळ पापुद्र्याखाली जातो. आमच्या घरी अशी साय रोज संध्याकाळी धरायची. माझे यजमान भास्कर, ह्यांना टीव्हीवर डिटेक्टिव्ह मालिका चालू असताना चहाचं भान राहत नसे. जाहिराती लागल्या की बोटाने साय बाजूला करून हे गार चहा एका दमात पीत. यंदा पावसाळा संपताना माझ्या लक्षात आलं की कप गरम असतानाच रिकामा होतोय. मुडदा सापडलेला, इन्स्पेक्टर प्रश्न विचारतोय आणि हे शांतपणे चहा पिताहेत.

 जव्हारच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलं. एकदा दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही, असं मुलांना सांगायचे. तेच स्वतःला सांगितलं आणि बघत राहिले.

ह्यांची खोडाळा लायनीवर जीप आहे. सकाळी जव्हारच्या स्टँडवर नंबर लावायचा, गाडी भरली की मोखाड्यावरून खोडाळ्याला जायचं, तिथून परतीची माणसं घ्यायची आणि दिवेलागणीला घरी. हातपाय धुतले की मालिका. गुन्हेगार ओळखायचा ह्यांचा एक ठरलेला नियम होता. पोलीस घरात आल्यावर जो न मागता पाणी आणून देतो, तोच.

"पाप केलेल्या माणसालाच एवढा पाहुणचार सुचतो," हे म्हणायचे.

"मग आपल्याकडे पोलीस आले तर मी तांब्या आणायचा की नाही?"

"तू आणच. मला कळेल तरी."

नियम बऱ्याचदा बरोबर यायचा. त्याचं कारणही सरळ होतं. अशा गोष्टीत माणसं मोजकी असतात. ज्याला उगाच पाणी घेऊन दारात आणलं आहे, त्याच्याकडे लेखकाचं पुढे काहीतरी काम असतं.

त्या वाहिनीवर जुने एपिसोड पुन्हा पुन्हा लागतात. विहिरीत सापडलेल्या औषधवाल्याचा एपिसोड आम्ही पूर्वी पाहिला होता. खून त्याच्या धाकट्या भावाने केलेला असतो. तो पुन्हा लागला तेव्हा ह्यांनी वहिनीवर संशय घेतला. ठीक आहे, विसरले असतील, मीही विसरते. पण पुढच्या आठवड्यात तोच एपिसोड परत लागला आणि ह्यांनी इन्स्पेक्टरकडे बोट केलं.

"हा बघ. सारखा त्यांच्या घरात येतोय. ह्याचं काय काम तिथे?"

मी हसले. हेही हसले, पण माझ्या तोंडाकडे बघत. आपण काय विनोद केला ते माझ्या चेहऱ्यावर शोधत असल्यासारखे.

त्यानंतर मुलगी किमया हिच्याकडे नाशिकला गेलो. तिने डॉक्टर शोधून ठेवले होते. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. आजाराचं नाव सांगितलं, औषधं लिहून दिली आणि ह्यांच्यासमोरच म्हणाले, "गाडी मात्र आता बंद. स्वतःसाठीही आणि इतरांसाठीही." ह्यांनी मान डोलावली. परतीच्या एसटीत त्र्यंबक मागे पडल्यावर मला विचारलं, "डॉक्टर कुठल्या गाडीबद्दल बोलत होते?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर बोलणं झालं नाही. सकाळी उठल्यावर किल्ली कुठे आहे हे ह्यांना न शोधता कळायचं. चष्मा सापडायचा नाही, किल्ली सापडायची. गाडी पुसताना चेहरा इतका पूर्वीसारखा दिसायचा की तोंडाशी आलेलं वाक्य मी परत आत घ्यायचे. संध्याकाळी बोलावं, तर हे घरी आल्यापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून मी दमलेली असायचे. सोनलताईंचं पत्र आलं का, असं हे विचारत. सोनलताई ह्यांची बहीण. त्यांना वारूनही बराच काळ झाला. मालिका लागली की प्रश्न थांबत. पडद्यावर कुणीतरी कुणाचा तरी गळा दाबत असे आणि मला तेवढा वेळ भिंतीला टेकून बसता येई. हे सगळं एपिसोड संपल्यावर सांगू, असं ठरवायचे. एपिसोड संपला की झोपायची वेळ व्हायची.

"आई, तू अजून सांगितलं नाहीस?" किमया फोनवर विचारायची.

"सांगते."

"तू ना, फक्त निरीक्षण करत बस."

मग बारक्याचं ते झालं.

मला ते देवजीने सांगितलं. देवजी स्टँडवरचा बदली ड्रायव्हर. स्वतःची गाडी नाही. कुणी आजारी असलं, कुणाकडे लग्न असलं की त्याची गाडी हा चालवतो. संध्याकाळी तो ह्यांना घरी घेऊन आला. हे आत हातपाय धुवायला गेले आणि देवजी ओट्यावरच उभा राहिला.

"वहिनी, आज दादांनी खुनी पकडला."

"म्हणजे?"

बारक्या खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा. भिवंडीकडे मजुरीला असतो, सणाला घरी येतो. जव्हारला गाडीत पुढे ह्यांच्याशेजारी बसला. घाट चढताना ह्यांना खोकला आला, तेव्हा त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. हे पाणी प्यायले आणि ह्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मोखाड्याला गाडी नेहमीच्या जागी थांबली नाही. थेट पोलीस ठाण्याच्या आवारात गेली. ह्यांनी खाली उतरून हवालदाराला सांगितलं, "औषधवाल्याचा खून ह्याने केलाय. विहिरीत बघा."

"मग?"

"मग काय. हवालदार पयले उभाच राहिला. मागं बायका हसाय लागल्या तेव्हा बसला." देवजीच्या ओठांवर हसू येत होतं आणि तो ते दाबत होता. "बारक्या बिचारा बोलतो, साहेब, मैं तो आज सुबह आया. हवालदारानं त्याला इचारलं, मर्डर कोणाचा केला? तो बोलला, नाव तुम्हीच सांगा, मना नाय माहीत."

मीही हसले. हसताना ओट्याचा कठडा धरावा लागला.  मग देवजी खाली बघत म्हणाला, "दादांना मी काय बोलणार, वहिनी. गाडी चालवायला त्यांनीच शिकवली मला. तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं की मी आहे."

त्या संध्याकाळी ह्यांनी टीव्ही लावला नाही. लावायचा असतो हे आठवलं नाही की लावावासा वाटला नाही, मला कळलं नाही. मी समोर बसले होते, घर शांत होतं, कुठलाच एपिसोड संपायची वाट बघायची नव्हती. तरी मी भात लावायला उठले.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता. मी म्हटलं, "मी पण येते. नागली घ्यायची आहे भाकरीला."

"ये की. पुढे बस."

पुढे मात्र आधीच एक बाई बसली होती. सखी. मोखाड्याच्या पुढच्या पाड्यावरची. जव्हारला मजुरी असली की बहिणीकडे मुक्काम करते आणि बाजाराच्या दिवशी परत जाते. मला बघून ती थोडी सरकली, पण उठली नाही. ह्यांच्या बाजूची जागा तिने सोडली नाही. मी दाराकडे बसले. मागे बायका, टोपल्या, एक कोंबडी, आणि पायरीवर देवजी. त्याला खोडाळ्याला काही काम नव्हतं. माझ्यासाठीच आला होता बहुतेक.

गाडी सुरू झाली आणि मला वाटलं, डॉक्टरांची काही चूक होत असेल. वळणावर हॉर्न, उतारावर गिअर, समोरून एसटी आली की बरोबर तेवढंच कडेला. हात सगळं करत होते. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं होती, उतारावर नागली उभी होती. अजून थोडे दिवस जाऊ देत, मी मनात म्हटलं.

मोखाडा मागे टाकून गाडी फाट्याशी आली आणि थांबली. सरळ रस्ता त्र्यंबकला जातो, खोडाळ्याला उजवीकडे. फाट्यावर कुणी माणूस नव्हतं. इंजिन चालू होतं. ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते, आणि डोळे आधी एका रस्त्यावर, मग दुसऱ्या रस्त्यावर. मागे कुणी विचारलं नाही की गाडी का थांबली. कोंबडीसुद्धा गप्प होती.

"दादा," सखी म्हणाली, तिखटमीठ मागावं इतक्या सहज, "उजवीकडं घ्या. आपल्याला खोडाळा."

"हां," हे म्हणाले, आणि गाडी उजवीकडे वळली.

थोडं पुढे गेल्यावर सखी परत बोलली, "दादा, हितं काळी उतरंल." गाडी थांबली. मागून काळी नावाची म्हातारी उतरली आणि जाताना खिडकीशी येऊन सखीला म्हणाली, "उंद्याला मी बसन पुढं. तू तुझ्या पोरीकडं जा."

मी सखीकडे पाहिलं. तिने आवाज खाली केला.

"बाई, तुम्ही घोर नका करू. दादाला वाट आमी सांगतो. पुढं एक जण बसतोच, ठरलेला. काल नेमका तो बारक्या येऊन बसला, त्याला काय माहीत. नायतर दादा पोलिसात कशाला जातील?"

"कधीपासून?"

"भात लावला तेव्हापासून असंल."

भात लावला तेव्हापासून. म्हणजे पावसाळ्यातल्या लावणीपासून, मला तो रिकामा कप दिसायच्याही आधी. मी घरात बसून बघत होते, आणि इथे रोज कुणीतरी पुढच्या सीटवर बसून ह्यांना गावांची नावं सांगत होतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

सखीने खांदे उडवले. "वाटती की. पण दुसरा गाडीवाला टोपलीचं येगळं मागतो. पाड्यापर्यंत येत नाय. दादा येतो." मग जरा थांबून, "घाटात मी देवाचं नाव घेती. दादाला नाय सांगत."

खोडाळ्याला बाजार भरला होता. नागली मी घेतली की नाही, मला नीट आठवत नाही. पिशवी घेऊन परत आले तेव्हा गाडी पुन्हा भरत होती. बारक्या तिथे होता. बायको, कडेवर लहान मूल, एक गाठोडं. सासुरवाडीला जव्हारकडे निघाले होते. मला वाटलं तो आमची गाडी टाळेल. मी त्याच्याकडे जाऊन म्हटलं, "काल तुम्हाला उगाच त्रास झाला."

"त्रास कसला, बाई. हवालदारानं चाय पाजली. भिवंडीला सात वर्षं झाली, कोण साहेब चाय पाजत नाय." त्याने बायकोला आणि मुलाला मागे चढवलं, गाठोडं टपावर फेकलं आणि आपण पुढे, ह्यांच्याशेजारी जाऊन बसला. "सखी गेली घरी. आज मी सांगतो वाट. चौकी सोडून सगळीकडं नेतो दादांना."

मागच्या बायका हसल्या. हेही हसले. ह्यांनी बारक्याकडे मान वळवली आणि आदराने, अनोळखी प्रवाशाला विचारावं तसं विचारलं, "कुठे जायचंय आपल्याला?"

"जव्हार, दादा."

बारक्याचं मूल मागच्या सीटवरून पुढे हात काढून ह्यांच्या शर्टाची कॉलर ओढत होतं. ह्यांनी मान वाकडी करून ती ओढू दिली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. टपावर माणसं चढली, पायरीवर दोघे लटकले. परतीच्या वाटेवर उतार जास्त आहे. बारक्या वर्षातून दोनदा इकडे येतो. घाटातली वळणं त्यालाही धड ठाऊक नसणार. आणि तो नसला तर काळी. ती नसली तर आणखी कुणी, टोपली मांडीवर घेऊन, देवाचं नाव घेत.

मी गाडीला पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेले. दार उघडलं. देवजी पायरीवरून उतरून माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"अहो, गाडी बंद करा."

"का? भरली की."

"भरली आहे. देवजी नेईल सगळ्यांना."

ह्यांनी इंजिन बंद केलं.  हे किल्लीकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे.

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याशेजारी बसायचं," मी म्हणाले. "आजपासून गाडी तुम्ही चालवायची नाही."