प्रॉम्प्टरबाई आणि चिचटोल्याचा हुकूमशहा

लटारूनं मिशी कापली त्याच दिवशी रुखमाबाईंच्या लक्षात यायला हवं होतं. पण नाटकाच्या धामधुमीत अक्कल कुठली सुचायला!

चिचटोल्यात शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या जत्रेला, नाटक होतं. आपलं झाडीपट्टीचं, पेटी-तबला, लावणी, रडारड, सगळं असलेलं. लटारू पंक्चरवाला नायक, आणि पडद्यामागे वही घेऊन रुखमाबाई प्रॉम्प्टर. बाईंनी कुजबुजायचं, लटारूनं गर्जायचं, हा तीस वर्षांचा शिरस्ता. लटारूला एक वाक्य पाठ होत नसे. कानात पडेल ते थेट तोंडातून बाहेर, डोक्याला त्याचा काही त्रास नाही. एकदा बाईंना पडद्यामागे डास चावला, त्या "मेला डास!" म्हणाल्या, तर स्टेजवरचा राजा "मेला डास!" म्हणून प्राण सोडता झाला. लोकांनी वन्समोअर दिला.

यंदा नाटक बाईंनी स्वतः लिहिलं. नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांनी जर्मनीचा धडा वाचला होता. युद्ध हरलेला देश, एका पावाला टोपलंभर नोटा, हातांना काम नाही, आणि ज्याच्या त्याच्या पोटात जळफळाट. मग एक माणूस उभा राहतो, म्हणतो, तुमचं वाटोळं ज्यूंनी केलं. लोक त्याला डोक्यावर घेतात. पुढं जे झालं ते वाचून बाईंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आपल्या गावानं हे पाहावं आणि शहाणं व्हावं, एवढाच त्यांचा हेतू. फक्त कुठल्या जातीधर्माचं नाव घेतलं तर शंकरपटात डोकी फुटतील, म्हणून त्यांनी तिथं 'चष्मेवाले' लिहून टाकलं. चष्म्यावरून कोण भांडतं? चष्मा तर त्यांच्याही नाकावर होता. वा रे बाईंची हुशारी!

हुकूमशहासाठी लटारूनं आपली झुपकेदार मिशी माशीएवढी केली. बायकोनं दोन दिवस घरात घेतलं नाही.

समाजमंदिरात दुपारी तालमी सुरू झाल्या आणि अख्खं गाव पाहायला येऊन बसू लागलं. काम तरी काय होतं? तुडतुड्याच्या किडीनं धान फस्त केलं होतं. धानाचा सरकारी बोनस अजून वरून आला नव्हता. जे धान हाती लागलं ते पोचट. मुखरूच्या मिलमध्ये दोन पोती भरडायला न्यावीत तर तांदूळ निघायचा पाऊण पोतं, बाकी सगळा कोंडा. मुखरू म्हणजे रुखमाबाईंचा दीर. भला माणूस, पण नाकावर जाड भिंगांचा चष्मा.

आणि इकडं लटारू छाती काढून गर्जायचा, "तुमच्या ताटातला घास कोनं नेला? चष्मेवाल्यांनी!"

पहिल्या दिवशी लोक हसले. चौथ्या दिवशी टाळ्या पडल्या. आठव्या दिवशी वारलू, ज्याचं धान सगळ्यांत जास्त गेलं होतं, तो उठून म्हणाला, "खरं बोलून राह्यला गा लटारूभाऊ! मुखरू चष्म्यातून आपल्या पोत्यात पाहते, अन् तांदूळ गायब!"

"अरे, नाटक हाये ते!" बाई पडद्यामागून ओरडल्या.

"अरे, नाटक हाये ते!" लटारू गर्जला. पुन्हा टाळ्या.

पंधरा दिवसांत मुखरूच्या मिलकडं कोणी फिरकेना. तो आला आणि बाईंच्या ओसरीवर बसला. "वैनी, मिल बंद पडली तं मी खाऊ काय? कोंडा? असं काय लिवलं वो तुमी?"

 लिहिणाऱ्या बाईच होत्या, दुसऱ्या कोणाच्या नावानं बोटं मोडणार?

तेवढ्यात लटारू हजर. "बाई, उद्या दुपारी चिचेखाली सभा हाये. मुखरूची मिल बंद कराचा ठराव हाये म्हन्ते. मले भाषन द्याचं हाये. मांगं बसा ना."

"काऊन देतं गा तू भाषन?"

"लोक म्हन्ते म्हनून," लटारू भोळेपणानं म्हणाला. "मी कदी नाई म्हटलं का कोनाले?"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर आपण सांगू तेच बोलतो! मग काय, उद्या सगळं निस्तरून टाकू.

दुसऱ्या दिवशी चिचेखाली एक चादर बांधली. तिच्यामागे बाई बसल्या, पुढं लटारू, समोर साठेक माणसं. बाई कुजबुजल्या, "मी एक नंबरचा मूर्ख आहे."

"मी एक नंबरचा मूर्ख आहे!" लटारू गर्जला.

टाळ्यांचा कडकडाट. "केवढा साधा मानूस गा!" एक म्हातारा तर डोळे पुसू लागला.

बाई पुढं सरसावल्या. "धान तुडतुड्यानं खाल्लं. मुखरूनं नाही."

लटारूनं तेही ठणकावून सांगितलं. आता मात्र एकही टाळी नाही. तुडतुड्याला शिव्या देऊन कोणाचं समाधान होतं? लोक कुरकुरू लागले. वारलू उठला, चादर ओढून म्हणाला, "पाहा! चष्मेवाली सांगून राह्यली त्याले! काढा तिचा चष्मा!"

बाईंचा चष्मा गेला. मुखरूचा गेला. गावातल्या आणखी पाच जणांचे गेले, आणि सगळे नाटकातल्या नटीच्या, रंजीताच्या टोपल्यात पडले. नाटकात रंजीता त्याच टोपल्यात नोटा घेऊन पाव आणायला जायची.

 लटारू कान मागं करून उभा. मागून आवाज नाही. तो घाबरला. आणि मग समोरून आवाज आला, "मिल बंद करा!"

लटारूला हायसं वाटलं. "मिल बंद करा!" तो गर्जला.

"चष्मेवाल्यांले पटात जागा नाई!"

"चष्मेवाल्यांले पटात जागा नाई!"

एकामागून एक वाक्यं येत गेली, न अडखळता. बाईंच्या वहीतलं एकही वाक्य चुकलं नाही, उलट वहीत नव्हती तीही आली. बाई नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांना भीती वाटली, खरीखुरी.

वारलूनं ठराव लिहिला. सह्यांची वेळ आली. पहिल्या माणसानं कागद लांब धरला, जवळ धरला, उन्हाकडं धरला. सही कुठं करायची ते काही दिसेना. त्यानं टोपल्यात हात घालून एक चष्मा काढला, लावला, सही ठोकली आणि चष्मा पुढच्याला दिला. सात चष्मे आणि साठ माणसं! रांग लागली. "लवकर दे ना गा, मले बी कराची हाये!" अशी ढकलाढकली. यात कोणाला काही वावगं दिसलं असेल तर शपथ.

शेवटची सही लटारूची. हिरो कधी चष्मा लावत नसतो, म्हणून त्यानं जन्मात लावला नव्हता. पण इलाज नव्हता. त्यानं मुखरूचा जाड चष्मा चढवला आणि ओरडला, "अगाई! अक्षरं दिसून राह्यली वो!"

तीस वर्षांत पहिल्यांदा लटारू स्वतः वाचत होता. बारीक आवाजात, बोट ठेवून. "मुखरूची... मिल... बंद..." तो थांबला. "हे कोनं म्हटलं गा?"

"तुमीच ना भाऊ, आत्ताच!" वारलू म्हणाला.

"मी? माह्यं धान उद्या भरडाचं हाये त्याच्याकडं! मी काऊन म्हनीन?" तो चादरीकडं वळला. "बाई, तुमी सांगतलं का?"

"नाई गा," बाई म्हणाल्या. "मी तं गप होती."

"मंग कोनं सांगतलं?"

 आणखी सहा जणांच्या नाकावर अजून चष्मे होते. ते त्यांनी हळूच काढले, आणि कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. लटारूनं कागदाची घडी घातली आणि खिशात कोंबली. मुखरू उठला, लटारूच्या नाकावरून आपला चष्मा काढून घेतला आणि मिल उघडायला गेला. दुसऱ्या दिवशी पोती घेऊन सगळेच त्याच्या दारात, जसं काही झालंच नाही!

संध्याकाळी बाई वही घेऊन बसल्या. त्यांनी हुकूमशहाचं मोठं भाषण खोडलं आणि एकेक वाक्य करून गर्दीला वाटून टाकलं. वहीत आधी गर्दीसाठी एकच शब्द होता: टाळ्या.

लटारू खूश. "बरं झालं बाई, माह्यं काम हलकं झालं."

रंजीताला मात्र काळजी. "पन बाई, गर्दीत घेता कोनाले? तालमीले तं आठच दिवस राह्यले."

"घे कोनाले बी," बाई म्हणाल्या. "त्यांले पाठ कराले लागत नाई."