अयोग्य कोण

त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्याही वर वाढली आणि बोंडं अळीनं आतून खाल्ली. मग जो तो औषधात औषध मिसळून फवारत सुटला. आर्णीकडच्या एका गावात उकंडा सदाशिवरावांच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फवारत होता. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. एका दुपारी तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आडवा झाला. जीव वाचला, पण डोळ्यांची नजर गेली ती परत आली नाही.

सदाशिवराव नुसते मालक नव्हते, गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे पंचही होते. उकंडाही त्याच मंडळीतला. मालकाकडे बोट जाणार हे दिसत होतं. पण बोट वळवायला सदाशिवरावांना शास्त्र सापडलं! जो अयोग्य रीतीनं प्रभुभोजन घेतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, म्हणूनच तुमच्यात पुष्कळ जण आजारी आहेत, असं प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलंय. झालं. उकंडा औषधानं नाही पडला, पापानं पडला. पास्टरनंही तेच उचललं आणि लागोपाठ रविवारी तेवढंच वाचलं.

सदाशिवरावांची बायको मैनाबाई पहिल्या रांगेत बसून ऐकायची. औषधाचं पाणी तिच्याच अंगणातल्या ड्रमात कालवलं होतं.

हंगामाचा सण आला. या मंडळीत सणाला आधी जेवण, मग उपासना आणि शेवटी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकरी मोडून खायची. जेवणाची पहिली पंगत वावरवाल्यांची. मजूर बाया कापूस वेचून उशिरा यायच्या, त्यांच्यासाठी थांबायची रीत नव्हती. मैनाबाईनंच वर्षानुवर्षं वाढलं होतं आणि तिला त्यात कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी उकंडाची बायको रुपीबाई वावरातून तशीच आली, तेव्हा वरणाचा गंज रिकामा झाला होता.

"वरण तरी हाय का बाई?"

"संपलं माय."

"बरं झालं. पोट रिकामं असलं की गानं चांगलं निंघते," रुपीबाई म्हणाली आणि पाणी पिऊन प्रार्थनाघरात मागच्या चटईवर जाऊन बसली.

गाणं सुरू झालं. मैनाबाईनं मांडीवरचं शास्त्राचं पुस्तक उघडलं. पौलाचा उकंडावर एवढा राग कायचा, ते तिला बघायचंच होतं. पास्टर वाचायचा त्याच्या वरच्या ओळींवर तिची नजर गेली, आणि तिची कानशिलं तापली.

गाणं थांबलं. भाकरीचं ताट फिरत मागं गेलं. रुपीबाईनं हात पुढं केला तसे सदाशिवराव उठले.

"थांब रुपे. आधी कबुली दे. तुमच्या घरात कोनतं पाप हाय ते सांग. नाहीतर नवऱ्यासारखं तुह्यावरही येईन."

"पाप?" रुपीबाईचा हात तसाच राहिला. "तुमचा पंप पाठीवर घेतला, हे पाप होय का मालक?"

"पाहा पास्टरसाहेब, जीभ पाहा!"

"बहिणी, नम्र हो," पास्टर म्हणाला. "वचन स्पष्ट आहे."

"स्पष्ट हाय त मग वरचं काहून नाही वाचत?" मैनाबाई उभी राहिली होती. "इथं लिवलंय, तुम्ही एकत्र जमता तवा जो तो आपलंच जेवण आधी उरकते. एक उपाशी राहते, दुसरा तट्ट फुगते. ज्यांच्यापाशी काही नाही त्यायले लाजवता काय, असं इचारलंय त्यानं. पौल रुपीले नाही रागावून राह्यला. तुमाले, मले, पहिल्या पंगतीले रागावून राह्यला! अयोग्य आपन हाओ."

"खाली बस," सदाशिवराव दातांतून म्हणाले. "घरी बोलू."

"घरी तुमीच बोलता. शेवटी काय लिवलंय तेही आयका. जेवाले जमता तवा एकमेकांची वाट पाहा. थांबलो का आपन कोनासाठी? कबुली पायजे ना? घ्या. औषध आपल्या अंगनात कालवलं. उकंडा पंप भराले आला तवा म्हने, डोकं गरगरते मालक. तुमी म्हनले, एवढी ओळ संपव. मी चुलीपाशी आयकत होती."

पास्टरनं पुस्तक मिटलं. "मैनाबाई, हे पवित्र ठिकाण आहे. इथं असल्या गोष्टी नको."

"मंग उकंडाचं पाप कसं चालत होतं इथं?"

रुपीबाई उठली. भाकरीला तिनं हात लावला नाही. रडलीही नाही, सरळ मैनाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, हे इथं सांगून काय उपेग? हे सारे मान खाली घालतीन, आन उद्या म्हनतीन, बाईचं डोकं फिरलं. हेच्च आर्णीच्या ठान्यात सांगसान काय? तुमच्या नवऱ्याचं नाव घेऊन?"

मैनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. सदाशिवराव मान हलवत होते, नाही, नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना घाबरलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"आर्णीची गाडी गेली असन," ती म्हणाली.

"पायी जाऊ."

"चाल," म्हणत मैनाबाईनं पदर खोचला आणि पुस्तक काखेत मारून ती दाराबाहेर पडली.