हरण्याचा उजवा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, सुंदररावांनी हळद कालवलेलं लोणी हरण्याच्या खांद्यावर चोळायला घेतलं आणि बैलानं शिंग उगारलं. दावं धरून उभा असलेला त्यांचा मुलगा अंगद थोडक्यात वाचला.

"आबा, ह्यो मारका झालाय. शेजारचे मोहनराव इकत घ्यायला तयार हायेत. सांजच्याला बोलावतो."

"आरं, कावून मारतोय ते तर बघ! नऊ वर्षांत कुणाला शिंग लावलं न्हाई त्यानं."

सुंदररावांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला. हरण्या गप्प. उजव्या खांद्याला नुसतं बोट टेकवलं, तर कातडी थरथरली. जू बसतं तिथं गरम सूज होती.

त्यांना बायको आठवली. गेल्या साली बायनाबाईचा पाय सुजला, तेव्हा अंगावर चादर टाकली तरी ती ओरडायची. 'चादरीनं कुठं दुखतं का? नाटकं करू नको,' असं ते तिला म्हणाले होते. त्यानंतर ती महिनाभरच होती.

"अंगद, डॉक्टरीणबाईंना फोन लाव! आत्ता!"

गुरांच्या डॉक्टर शाहीन आल्या. सुंदररावांनी त्यांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "बाई, आधी कापसानं बघा! नुसतं हलकं टेकलं तरी दुखतंय का ते!"

डाव्या खांद्यावरून कापूस फिरला; काही नाही. उजवीकडे सुजेपासून चार बोटं लांब फिरवला, तरी बैल उसळला.

"बरोबर ओळखलंत, आबा," शाहीन म्हणाल्या. "सूज आली की तिथं जे रस सुटतात, त्यानं नसांची टोकं हळवी होतात. मग साधा स्पर्शही दुखतो. तुम्ही तर चोळलंत!"

"म्हंजे नाटक न्हवतं?"

"नाटक कसलं? खरंच दुखतं."

सुंदररावांनी अंगदच्या हातातलं दावं स्वतः धरलं. मग म्हणाले, "सुई द्या, बाई. लवकर."

सूज उतरायची सुई दिली. दोन तास थांबायचं होतं.

"आबा, सारखं घड्याळ बघून बैल बरा होतो व्हय?" अंगद हसला.

दोन तासांनी सुंदररावांनी कापूस फिरवला. हरण्यानं नुसते कान हलवले.

"दे इकडं!" अंगदनं स्वतः फिरवून बघितलं. बैल रवंथ करत राहिला. "आयला!"

"महिनाभर जू नाही, चोळणं नाही," शाहीननी बजावलं.

अंगदनं फोन लावला. "मोहनराव, येऊ नका. बैल मारका न्हाई, खांदा सुजलाय."

मागून सुंदरराव ओरडले, "त्यांच्या बी बैलांचे खांदे बघायला सांग! चोळायच्या आधी!"