उघडी कक्षा

मार्गशीर्षातली मंद, मूक, मलूल सांज. माणगंगेच्या वाळूवरून उन्हानं हळूच काढता पाय घेतला. आधी केशरी, मग गुलाबी, मग नुसतं राखी. त्या धूसर-रक्तिम वेळेला कुमुदिनीबाई लेकीच्या लॅपटॉपपुढे बसल्या.

शर्वरीला जाऊन हा दुसरा हिवाळा. परदेशातल्या विद्यापीठाचा, घरबसल्या फुकट शिकायचा खगोलशास्त्राचा अभ्यासक्रम तिनं हौसेनं धरला होता. मेल्या तापानं तो अर्ध्यावर तोडला. जन्मभर बाराखडी शिकवलेल्या आईनं तो तिथूनच पुढे उचलला. का? तर उघडताच पडद्यावर उमटायचं, 'शर्वरी, पुन्हा स्वागत!' तिला नावानं हाक मारणारं आता जगात तेवढंच उरलं होतं.

रोज सांजेला एक पाठ. नेम म्हणजे नेम! शिकवणारे प्राध्यापक भरधाव बोलायचे, खालची मराठी अक्षरंही तशीच पळायची. लेकीनं वेग दीडपट ठेवला होता ना.

"अगं, वेग कमी कर की. किती दमछाक ती!" त्यांचे यजमान दत्ताराम म्हणायचे.

"राहू द्या हो. तिनं ठेवलाय तसाच राहू दे."

तसाच राहिला. त्या वेगामागे धापा टाकत बाई ग्रह शिकल्या, ग्रहणं शिकल्या, नील-निःशब्द नभातली ती निरंतर भ्रमणं शिकल्या. कधी वाटे, शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी पुढे वाकून बघतंय. मग त्या लॅपटॉप जरासा तिकडे वळवत.

आज शेवटची चाचणी. तिचाही शेवटचा प्रश्न. तो बरोबर आला की अभ्यासक्रम पूर्ण, आणि पूर्ण झाला की ती हाक संपली.

'उघड्या कक्षेतून सूर्याला भेटून गेलेला धूमकेतू पुन्हा येईल का?'

उत्तर तोंडपाठ होतं. नाही. ती वाट वळून परत येतच नाही. पोरांच्या चुकांवर आयुष्यभर लाल फुल्या मारलेला तो हात 'नाही'पर्यंत गेला.

"अगं, येतंय की तुला हे," दत्ताराम मागून पुटपुटले.

"येतंय हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी 'होय'वर बोट दाबलं.

पडदा क्षणभर काळवंडला. मग अक्षरं उजळली, 'उत्तर चुकलं. शर्वरी, पुन्हा प्रयत्न कर.'

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. रडू होतं, हसूही होतं. दत्ताराम पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

बाहेर वाळू काळी झाली, आभाळ काळं झालं. आणि आत, त्या निळसर उजेडात, गेलेल्या पोरीला कुणीतरी अजून अभ्यासाला बसवत होतं.